नव्या जागी तुटलं

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात जो माणूस डोक्याला काही न बांधता उघड्या मैदानात उभा राहतो, तो एकतर बाहेरगावचा असतो नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. तापू या दोन्हींत बसत नव्हता. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला, संत्र्याच्या बागेत वाढलेला मुलगा तो. ऊन म्हणजे काय हे त्याला सांगायची गरज नव्हती. आम्ही त्याच्याच होस्टेलच्या खोलीत, कूलरसमोर, ओली चादर अंगावर घेऊन मेल्यासारखे पडलेलो असायचो, आणि हा खिडकीतून दिसायचा. हात कमरेवर, डोळे बारीक केलेले, मैदानाच्या मधोमध. "अबे मरशील, आत ये," कोणीतरी ओरडायचं. "येतो, येतो. अंग कुठवर सोसते थे पाहून राहिलो," तो म्हणायचा. "तापू दे अजून जराक." यावरूनच तो तापू झाला. खरं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या कामात त्याने आयुष्य घातलं तिथे नाव मिरवायची रीत नव्हती, आणि तापू म्हटल्यावर आमच्या बॅचमधल्या कोणालाच दुसरं कोणी आठवणार नाही.

त्याच्यावर चार पानं मी लिहावीत असं बॅचच्या मंडळींनी ठरवलं, कारण मी त्याचा सगळ्यांत जवळचा मित्र. तसं सगळे समजतात. मी आयुष्यभर त्याच्यावर जळत आलो हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नाही. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे जळणं लपवणं सोपं गेलं; गप्प माणसाला लोक सज्जन समजतात. आता तापू नाही, तेव्हा खरं तेच लिहितो. त्याचं चित्र काढायचं तर ज्या उजेडात मी त्याला पाहत होतो तोही दाखवायला हवा, आणि तो उजेड काही चांगला नव्हता.

गंमत अशी, की मार्क मला जास्त असायचे. पहिला मी, आणि तापू कुठेतरी मध्यावर. पण एकदा तोंडी परीक्षेला बाहेरून एक म्हातारे प्राध्यापक आले होते. त्यांनी मला विचारलं ते सगळं मी धडाधड सांगितलं; त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा तापू. त्याला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येईना. "सर, हे तं मले येत नाई," तो म्हणाला, "पण एक विचारू का?" आणि त्याने जे विचारलं त्यावर म्हातारे खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी खडू घेतला, याने दुसरा खडू घेतला, आणि बाहेर रांगेत उभी असलेली पोरं दारातून डोकावून बघू लागली. परीक्षा राहिली बाजूला. निकालात मला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क होते. पण त्या म्हाताऱ्यांचे डोळे माझ्यासाठी तसे चमकले नव्हते. ते सगळे मार्क देऊन टाकून तो एक खडू हातात घ्यायला मी तयार होतो. मत्सराची माझी पहिली आठवण ती आहे.

तापूला लढाऊ विमानाच्या इंजिनाचं वेड कुठून लागलं, ते त्यालाही सांगता येत नसे. विमान त्याने जवळून पाहिलंही नव्हतं. पण कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात त्याने वाचलं, की या इंजिनाच्या आत जो जाळ असतो तो त्यातल्या पात्याचा धातू वितळेल एवढा गरम असतो, आणि तरी पातं त्यात उभं राहतं. नुसतं उभं राहत नाही, गरगर फिरतं. त्या दिवशी तो जेवला नाही. थंडीचे दिवस होते. आम्ही होस्टेलच्या गच्चीवर ऊन खात बसलो होतो आणि तापूच्या घरून आलेल्या संत्र्यांची पिशवी मध्ये होती. त्याने त्यातला एक संत्रा उचलून माझ्यापुढे धरला आणि अंगठ्याने दाबून दाखवला.

"पाह्य दिन्या. साल अन् फोडी चिकटून हायेत का? नाई. मधात हवा हाय. बाहेरून कितीबी ऊन येऊ दे, आधी साल तापन, मंग हवा तापन, मंग फोडीची पाळी. पात्याचंबी तसंच करतात बे. पातं आतून पोकळ, त्याले बारीक बारीक भोकं. आतून गार हवा सोडायची. थे भोकातून निंगते अन् पात्याच्या अंगाले लपेटून बसते. हवेची साल!"

मग तो संत्रा सोलून त्याने अर्धा मला दिला. "दुकानात विमान भेटते," तो म्हणाला, "इंजिनबी भेटते. पण थे पातं कसं बनवलं, हे कोणी सांगत नाई. तीन-चार देशाईले जमलं, अन् थे तोंड शिवून बसले. म्हंजे उद्या त्याहिचं डोकं फिरलं तं आपली विमानं उभीच. आपल्याले आपलंच बनवा लागते." त्याचं बोलणं मला सगळं कळलं होतं, त्याच्याआधी कळलं होतं, कारण ते पुस्तक मीही वाचलेलं होतं. पण मला त्यात संत्रा दिसला नव्हता.

पुढे बंगळूरच्या सरकारी प्रयोगशाळेत जागा निघाल्या. देशाचं स्वतःचं जेट इंजिन तिथे व्हायचं होतं. आम्ही दोघांनी अर्ज केले आणि दोघांनाही मुलाखतीला बोलावणं आलं. एका लांबच लांब व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. आधी मी आत जाऊन आलो. विचारलेलं सगळं मला आलं होतं. मग तापू गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो असा काही उजळलेला, की मला वाटलं याला तिथल्या तिथे नेमणूक मिळाली. माझा दंड धरून तो कानाशी कुजबुजला, "दिन्या, त्याहिलेबी माहीत नाई बे!"

"काय माहीत नाही?"

"काहीच! पातं कसं ओतायचं, कोणतं मिश्रण घ्यायचं, किती दिवस टिकन, मी विचारत गेलो अन् थे म्हणत गेले, अजून माहीत नाही. पह्यलेपासून सुरू करा लागते सगळं!" आणि तो आनंदाने हसला.

मी आयुष्यभर पहिला आलो होतो तो अशा प्रश्नांत, ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात. इथे पुस्तकच नव्हतं. इथे पहिला कोण, हे ठरवायला कोणी नव्हतं. आणि शेजारी हा माणूस, ज्याला नेमकं त्याचंच सुख झालेलं.

निवड दोघांचीही झाली. त्याच सुमारास मला वीज केंद्रातली नोकरीही लागली, खापरखेड्याला, घरापासून तासाभरावर. वडील आधीच गेले होते. मी सगळ्यांना सांगितलं, आई एकटी पडेल, मी जात नाही. लोकांनी कौतुक केलं. आता जे लिहितो ते आजवर कुठे बोललो नव्हतो: आई मला जा म्हणाली होती. एकदा नाही, अनेकदा. "मी काय लहान आहे का रे? राहीन नं मी. शेजारीपाजारी आहेत, तुझी मावशी आहे. जा नं तू." बंगळूरला थंडी असते म्हणून तिने माझा स्वेटरही धुऊन, वाळवून ठेवला होता. मी तिच्यासाठी थांबलो नाही. मी भ्यालो होतो, आणि तिच्या पदराआड लपलो.

आईने ते मुकाट्याने अंगावर घेतलं. वीज केंद्राच्या वसाहतीत राहायला आल्यावर शेजारणी विचारायच्या, एवढा हुशार मुलगा, तिकडे का नाही गेला? एकदा मी दारातून आत शिरत असताना ती सांगत होती, "माझ्यामुळे राहिलं वं त्याचं." मला बघून तिने नजर वर केली. क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग ती पुन्हा खाली बघून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला लागली. त्या गोष्टीवर आम्ही माय-लेक कधीच बोललो नाही. ती गेली तेव्हाही नाही.

तापू दर वर्षी गावी येई तेव्हा खापरखेड्याला एक चक्कर ठरलेली. राखेने पांढरी झालेली आमची वसाहत त्याला फार आवडे. का, ते मला कधी कळलं नाही. आल्या आल्या तो थेट स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पायाशी बसायचा. "माय, सांबारवडी करून राहिली का?" ती करायला घेतलेलीच असायची. माझ्याशी आई जेवढं वर्षभरात बोलली नसेल तेवढं ती त्याच्याशी दुपारभरात बोले. बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून मी ते ऐकत असे.

आणि मग कोणी आलं-गेलं, क्लबात चार लोक जमले, की त्याचं ते ठरलेलं वाक्य. "हा दिन्या आला असता नं, तं इंजिन केव्हाच उडालं असतं. पण मायसाठी थांबला बिचारा." लोक माझ्याकडे आदराने बघत. मी हसून मान खाली घालत असे आणि आतून असा भाजून निघत असे, की तेवढी आंच त्याच्या पात्यांनाही लागली नसेल! मला वाटे हा टोमणा आहे. याला सगळं ठाऊक आहे, आणि हा चारचौघांत मला सुईने टोचतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही कधी दिसलं नाही. ते न दिसणंही मला त्याची चलाखी वाटायची.

इंजिन काही उडत नव्हतं. ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. कधी पाती तुटली, कधी वजन जास्त भरलं, कधी हवा तेवढा जोर लागेना. ज्या विमानासाठी ते घडत होतं ते विमान वाट बघून बघून परदेशी इंजिनावर उडालं. व्यंगचित्रं आली, टीव्हीवर तावातावाने चर्चा झाल्या, जनतेचा पैसा पाण्यात म्हणून. अशी प्रत्येक बातमी आली की मला बरं वाटे. हे लिहिताना हात जड होतो, पण बरं वाटे हेच खरं. सकाळचा चहा गोड लागे. मी फारसा विनोद करत नाही. पण एक विनोद मी रचला होता. "आमच्या मित्राचं इंजिन फार उत्तम आहे, फक्त जमिनीवरून उठत नाही. कूलरला लावलं तर अख्खी वसाहत गार होईल." क्लबात, लग्नात, ओव्हरहॉलच्या वेळी शेडमध्ये, मी हे किती ठिकाणी सांगितलं असेल! गप्प माणसाचा विनोद म्हणून लोक जास्तच हसत.

तो विनोद एकदा तापूच्याच तोंडावर आला. आमच्या क्लबात एक नवे साहेब आले होते, त्यांना कोणाला काय बोलावं हे कळत नसे. ते म्हणाले, "काय हो, तुमचं ते कूलरचं इंजिन कुठवर आलं?" मी तापूकडे बघत होतो, आणि मला बघायचंच होतं. याचा चेहरा उतरेल. निदान आज उतरेल.

तापू मोठ्याने हसला. "कूलर! हे बेस हाय. कोणी म्हणलं?" मग खुर्ची पुढे ओढून तो त्या साहेबांना म्हणाला, "मागच्या खेपेले मोठीच गोष्ट झाली, सायेब. नव्या जागी तुटलं!"

"म्हणजे?"

"म्हंजे आधी जिथं तुटत होतं तिथं तुटलं नाई नं! कित्येक वर्षं त्याच जागी तडा जाये. या खेपेले थे जागा टिकली, अन् दुसरीकडे तुटलं. तिकडे आजवर आमी पोचलोच नवतो. कुठं, थे काही सांगता येत नाई. पण नव्या जागी."

त्याने समोरच्या ताटलीतला संत्रा उचलला. दहा मिनिटांत अख्खा क्लब त्याच्याभोवती गोळा झाला होता. लेखा विभागातले लोकसुद्धा संत्रा दाबून बघत होते. मी एका कडेला उभा होतो. वीज केंद्रातलं माझं टर्बाइन अखंड चालत होतं, कारण ते दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात, आधीच नीट विचार करून बनवलेलं होतं. मोडलं की मॅन्युअलचं पान उघडायचं, उत्तर तिथे लिहिलेलं असे. माझ्याकडे उत्तम सेवेचा गौरवही होता, भिंतीवर. आणि हा माणूस, ज्याचं इंजिन देशभर हसण्यावारी गेलं होतं, तो माझ्यापेक्षा सुखी होता. यशाचा हेवा करता येतो, त्यावर औषधही असतं. अपयशाचा हेवा कोणाला सांगणार?

एकदा ते इंजिन परदेशात नेलं. तिथल्या एका मोठ्या विमानाच्या पंखाखाली बांधून ते उंच हवेत चालवून बघायचं होतं. त्या दिवशी रविवार होता. मी घरी पाय पसरून पेपर वाचत होतो. मोबाइल वाजला. वाऱ्याच्या घोंघाटात तापू ओरडत होता. "दिन्या! वर गेलं बे! आपलं इंजिन वर हाय! चालून राहिलं!"

त्याने पहिला फोन मला केला होता. बायकोला नाही, वडिलांना नाही, मला. आणि म्हणाला होता, *आपलं*.

"मी ड्युटीवर आहे," मी म्हटलं. "नंतर बोलतो." आणि ठेवून दिला. कोणाचा फोन, असं आईने आतून विचारलं. राँग नंबर, असं मी सांगितलं.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट शेवटी तिच्यापाशी येऊन अडली. केतकी लहानपणापासून तापूकाकाची. तो आला की ती त्याच्या मांडीवर, मग त्याच्या शेजारी, मग त्याच्याशी वाद घालत. तोही तिला "काय वं पोट्टी, काय शिकली?" म्हणत बसायचा. ती माझ्यासारखी वर्गात पहिली यायची आणि मला वाटायचं, चला, निदान हे तरी माझं. ती धातुशास्त्र शिकली. मागच्या वर्षी तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एका परदेशी कंपनीची पुण्यातली नोकरी, भरपूर पगाराची. आणि बंगळूरची तीच प्रयोगशाळा. आता नव्या लढाऊ विमानासाठी नवं, जास्त ताकदीचं इंजिन करायचं ठरलं होतं, परदेशी भागीदार घेऊन. नवी माणसं हवी होती. तापू मात्र तिथे नव्हता. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि तो नरखेडकडे, बागेत, राहायला आला होता.

केतकीने जेवताना सांगून टाकलं. "बाबा, मी बंगळूरला जातेय. काका नेहमी म्हणतात नं, तुम्ही गेला असता तर इंजिन उडालं असतं. आजीसाठी तुम्ही सोडलं. तुमच्या जागी मी जाते."

तिचे डोळे भरलेले होते. तिची आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. माझी मुलगी तिचं अख्खं आयुष्य एका जागेवर ठेवायला निघाली होती आणि ती जागा खोटी होती. तिथे गेल्यावर, उत्तर नसलेल्या प्रश्नापुढे बसल्यावर, तिच्यात माझीच भीती निघाली तर? मग ती कोणासाठी तिथे बसून राहणार? माझ्यासाठी! जो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता, त्याच्यासाठी!

तरी मी तिला काही बोललो नाही. मी तेव्हाही पळवाटच शोधली: तापूला गाठलं. त्याने तिला नको म्हणावं, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही.

तो बागेत खाटेवर बसला होता. डोक्याला दुपट्टा बांधलेला. त्याला मी जन्मात पहिल्यांदा डोकं झाकलेलं बघत होतो. "डॉक्टरनं सांगतलं," तो जरा ओशाळून म्हणाला. "आता तापू नाई देत." वाळला होता. मजुरांची संत्रा तोडणी चालू होती, आणि त्याचं लक्ष अर्धं तिकडे, अर्धं माझ्याकडे.

"केतकीला जाऊ नको म्हणून सांग," मी म्हटलं.

"काहून?"

"ती माझ्या जागी चालली आहे. मी आईसाठी थांबलो असं तिला वाटतं." मजुरांकडे बघत मी पुढचं बोललो. "तसं नव्हतं ते, तापू."

"मले माहीत हाय."

मी खाटेच्या कडेवर बसलो.

"मायनं तवाच सांगतलं होतं. म्हणे, मी जा म्हणून राहिली, अन् थो जात नाही. भेते बहुतेक. तू काही बोलू नको त्याले." तो हसला. "म्हणून नाई बोललो."

"मग जन्मभर चारचौघांत मला का टोचलंस? दिन्या आला असता तर उडालं असतं म्हणून?"

आता चकित व्हायची पाळी त्याची होती. "टोचलं? अबे भैताडा, थे तं मी खरंच म्हणत होतो!" तो खाटेवर सरळ झाला. "आयक. आमी सगळे न भेणारे जमलो होतो. इंजिन अमुक वर्षात, विमान तमुक वर्षात, दोन्ही संगच होईन, वजन एवढंच राहीन. मोठी मिटिंग होती. जे जगात तीन-चार लोकाईले जमलं थे पह्यल्या झटक्यात करू म्हणलं, अन् एकानंबी हात वर नाई केला. मीबी नाई. मले तं मजाच वाटून राहिली होती. सगळ्या देशाले तारीख देऊन बसलो, अन् तारखेपायी लोकं हसले, इंजिनापायी नाई. तिथं एक भेणारा पाहिजे होता बे. हुशार अन् भेणारा. हे होत नाई, अजून वेळ मागा, असं म्हणणारा. हरेक मिटिंगले मले तुई आठवण ये."

मजूर बाई संत्र्यांचा ढीग घेऊन आली, तो तिच्याशी बोलायला वळला. मी बसून राहिलो. ज्या वाक्याने मी इतकी वर्षं भाजत होतो ते माझ्या अंगावर फेकलेलं नव्हतंच; ती जागा त्याने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, आणि माझ्या भीतीसकट ठेवली होती. माझं मन हलकं झालं असेल असं तुम्हाला वाटेल. मला वाटलं, इथेही हा माझ्यापेक्षा मोठाच निघाला, आणि मी पुन्हा जळलो.

निघताना तो म्हणाला, "पोट्टीले मी काही सांगत नाई. तू खरं काय थे सांग, अन् तिचं तिले ठरवू दे."

घरी आलो तेव्हा केतकी मागच्या अंगणात उन्हाळ्याची तयारी करत होती. कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरत होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. व्हरांडा, स्वेटर, सांबार निवडणारी आई. रविवारचा फोनही. कूलरचा विनोद मीच रचला होता तेही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आजीने सगळ्यांचं ऐकून घेतलं?"

"हो."

ती उठून आत गेली. कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग एका सकाळी तिने बॅग काढली. पुण्याला की बंगळूरला, हे विचारायचाही मला धीर होईना. तीच म्हणाली, "बंगळूर. पण तुमच्या जागी नाही. मुलाखतीत मी जे विचारलं, ते तिथे अजूनही कोणाला माहीत नव्हतं, बाबा. मला ते फार आवडलं."

"भीती वाटत नाही?"

"वाटतेच आहे," ती म्हणाली, आणि चेन ओढायला मला बॅगवर बसायला लावलं.

पोळ्याच्या सुमारास तापू गेला. बागेतच, सकाळी, चहाचा कप हातात असताना. नरखेडला आम्ही पोचलो तेव्हा बंगळूरहून त्याचे सहकारी आले होते. चिखलात बूट बुडवत ते उभे होते. त्यांच्यातला एक केस पिकलेला गृहस्थ माझ्याजवळ आला. "तुम्हीच का दिनेश? आईसाठी थांबलेले? ते नेहमी सांगायचे, तुम्ही असता तर..."

केतकी माझ्या शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "मी घाबरलो होतो. आईने जा म्हटलं होतं." त्या गृहस्थाने माझा हात हातात घेतला, तेवढंच. तापूने माझ्यासाठी इतकी वर्षं जपलेली गोष्ट मी त्याच्या चितेसमोर मोडली. त्याला चाललं असतं, असं वाटतं. ती तरी नव्या जागी तुटली.

केतकी बंगळूरला रुजू झाल्यापासून फोन तापूकाकालाच करायची. आधी त्याला, मग रविवारी मला. कामाचं त्याला, तब्येतीचं मला. मला ते लागायचं. ते लपवत नाही. तो गेल्यावर काही महिने कामाचं ती कोणालाच काही बोलली नाही.

डिसेंबरात एका दुपारी तिचा फोन आला. मी युनिटमध्येच होतो, टर्बाइनच्या अगदी बाजूला. कानावरचं झाकण काढून मी फोन कानाला लावला.

"बाबा, ड्युटीवर आहात का?"

"नाही गं. घरी आहे. बोल."

"तुटलं." रडते आहे की हसते आहे, ते त्या घरघरीत कळेना. मग ती थांबली. "आवाज कसला येतोय एवढा?"

"कूलरचा," भर थंडीत मी ठोकून दिलं. "तू सांग. जुन्या जागी तुटलं, की नव्या?"